घरातला एकटा केसवाला

माझंच रक्त काढून माझ्याच डोक्यात परत घालणार, एवढंच मला त्या उपचाराबद्दल पहिल्यांदा कळलं होतं, आणि तेवढ्यावरच मी हो म्हणून बसलो होतो. माणूस घाबरला की काहीही करायला तयार होतो. माझी भीती त्या वर्षी भिलाईला राहत होती. तिच्याशी माझं लग्न ठरलं होतं, साखरपुडा दिवाळीनंतर होता, आणि तिने मला ज्या दोन वेळा पाहिलं होतं त्या दोन्ही वेळा माझ्या डोक्यावर काळी पूड होती.

पूड म्हणजे बाजारात डबीत मिळते ती. मीठ भुरभुरावं तशी डोक्यावर भुरभुरायची. ती असलेल्या केसांना चिकटते आणि लांबून डोकं भरलेलं दिसतं. घामाने ती वाहते, पाण्याने वाहते, उशीला लागते, पांढऱ्या कॉलरवर उतरते. मी कोणाच्या पाया पडायला वाकलो की आधी श्वास रोखायचो. तिच्या आजीच्या पाया पडताना तर मी नुसते गुडघे वाकवून मान ताठ ठेवली होती. पोराला कंबरदुखी आहे काय, असं आजीने नंतर विचारल्याचं कानावर आलं होतं.

आमचं घराणं भोसल्यांच्या राज्यात नागपूरकडून रायपूरला आलं. येताना काय काय आणलं ते आता कोणाला आठवत नाही. टिकल्या त्या दोनच गोष्टी, मराठी आणि टक्कल. त्यातली मराठी निम्मी हिंदी झाली. टक्कल मात्र शुद्ध राहिलं. आजोबांच्या फोटोत पगडी आहे, तिच्या आत काय होतं ते सांगायला कोणी उरलं नाही. बाबांच्या कानांवर झालर आहे, मोठ्या बाबूजींच्या तीही नव्हती. तरी केस गळायला लागले तेव्हा मी दोष दिला हेल्मेटला. उरला औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात मी लोखंडी सळया तपासतो. दिवसभर डोक्यावर पिवळं हेल्मेट असतं. मग दोष दिला पाण्याला, मग शेजारच्या बीरगांवच्या धुळीला, मग शाम्पूला. घरातल्या पुरुषांकडे सोडून मी सगळीकडे बघितलं.

मोठे बाबूजी म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांची बायको, मोठी आई, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची एकुलती एक मुलगी, आमची ताई, लग्न होऊन पुण्याला गेली. ते आमच्याबरोबरच चौबे कॉलोनीतल्या घरात राहायचे, पुढच्या खोलीत. एका रविवारी मी न्हाणीघराच्या दाराशी एक आरसा समोर आणि एक मागे धरून माथ्याची पाहणी करत होतो, आणि ते टॉवेल घेऊन मागे येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही.

"काय शोधून राहिला रे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मीही शोधलं होतं तिथंच. नाही भेटलं."

त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पुडीचं, भिलाईचं, आणि डॉक्टरकडे वेळ घेतली आहे त्याचंही. कोणाला सांगू नका म्हणालो, आईला तर मुळीच नाही. तिला कळलं असतं तर तिने दहा जणींना इलाज विचारले असते, आणि आमच्या लोकांत तात्यापाऱ्यातल्या मराठी वस्तीत शिंकलं की भिलाईला ऐकू जातं. बाबूजींनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. मग म्हणाले, "पण मी येतो तुझ्यासंग. रक्त काढतेत म्हणतो, आणि एकटा जाशीन काय?"

मला बरं वाटलं. रागही आला, कारण मला एकट्याने जायचं होतं. पण सुया टोचल्यावर हेल्मेट घालता येत नाही, म्हणजे मोटारसायकल नको, आणि बाबूजींकडे जुनी गाडी होती. ती ते दुसऱ्या गिअरच्या वर कधी नेत नसत. घरी काय सांगायचं हा प्रश्न होता. तो त्यांनीच सोडवला. डोळे दाखवायला जातो म्हणाले.

त्या उपचाराच्या नावात प्लेटलेट हा शब्द आहे, आणि आमच्या घरात प्लेटलेट म्हणजे डेंगू. कॉलोनीत घरटी एक माणूस आजारी पडला होता त्या वर्षी ताईच्या प्लेटलेट उतरल्या होत्या आणि अंगणातल्या पपईवर एक पान राहिलं नव्हतं. बाबूजींनी आदल्या दिवशी पपईच्या पानांचा रस काढून मला पाजला. प्लेटलेट वाढल्या की केस जास्त येतील, असा साधा हिशोब होता. तो कडू रस मी प्यायलो, कारण मलाही तो हिशोब पटला होता. इंजिनीयर आहे मी. सांगायला लाज वाटते.

दुसरं म्हणजे, रक्त द्यायचं तर उपाशीपोटी. हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य आहे. शुगर तपासायला बाबा उपाशी जातात, आई उपाशी जाते, तेव्हा मीही उपाशीच गेलो. डॉक्टरबाईंनी दंडातून रक्त काढलं, नळ्या एका गरगर फिरणाऱ्या यंत्रात ठेवल्या, आणि मी ते यंत्र थांबायची वाट पाहत खुर्चीत बसलो. नळीत खाली लाल साका आणि वर पिवळसर पाणी. ते पिवळं म्हणजे औषध, बाई म्हणाल्या. एवढुसं होतं ते. माझ्या सगळ्या भवितव्याला पुरेल असं काही ते वाटेना. मग डोक्यावर बर्फ लावला आणि पहिली सुई टोचली, आणि खोलीतला दिवा हळूहळू लांब जायला लागला.

डोळे उघडले तेव्हा माझे पाय उशीवर होते आणि बाई बाबूजींना झापत होत्या. "किसने बोला था खाली पेट लाने को?" बाबूजी हात जोडून उभे होते. एवढा मोठा माणूस, त्यांच्या हाताखाली ऑफिसभर लोक होते, आणि इथे चूक झालेल्या पोरासारखा मान खाली घालून. तेवढ्यात ते कुठे गायब झाले ते कळलं नाही. परत आले तेव्हा हातात कागदात बांधलेले गरम पोहे आणि वर जिलबी होती. बाईंच्या दवाखान्यात, त्या पांढऱ्या स्वच्छ खोलीत, त्यांनी मला हाताने पोहे भरवले.

डोकं बधिर, कपाळ ताणलेलं, अशा अवस्थेत आम्ही परत निघालो. मी गाडीच्या आरशात बघत होतो. "आत्ताच येतेत काय?" बाबूजी म्हणाले. "थोडं घरी तर पोहोचू दे."

बाईंनी काही कबूल केलं नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की जी मुळं जिवंत आहेत त्यांना ताकद मिळेल, जी मेली ती मेली, आणि जे काही होईल ते कळायला महिने लागतील. मी फक्त पहिला भाग ऐकला. त्यानंतरचे आठवडे मी रोज सकाळी उशी खिडकीजवळ नेऊन उजेडात तपासायचो. पहिल्या वेळेनंतर केस आणखीच गळले. असं कधीकधी होतं म्हणे, पण मला वाटलं संपलं, होते तेही गेले. कारखान्यात सळई हातात घेऊन मी केसांचा विचार करत उभा राहायचो. तिचा फोन आला की व्हिडिओ नको म्हणायचो, नेटवर्क नाही सांगायचो. भर रायपुरात राहणारा माणूस रोज नेटवर्क नाही म्हणतो, यावर तिचा विश्वास बसत असेल असं मला वाटत होतं. ती बिचारी बरं म्हणायची.

मी मनात तिचे नकार तयार करून ठेवले होते. एक रडून दिलेला, एक तिच्या वडिलांनी बाबांना फोनवर दिलेला, एक साखरपुड्यात सगळ्यांसमोर. हे शेवटचं चित्र मला सगळ्यात जास्त दिसायचं. अंगठी घालायला मी वाकतो, पंख्याचा वारा येतो, आणि सगळे गप्प होतात.

महिन्यातून एकदा आम्ही जात राहिलो. इकडे आईला बाबूजींच्या डोळ्यांची काळजी लागली. दर महिन्याला दाखवावं लागतं म्हणजे काहीतरी मोठं असणार. तिने रोज गाजर किसून त्यांच्या पानात वाढायला सुरुवात केली. बाबूजींना गाजर आयुष्यात कधी आवडलं नाही. ते माझ्याकडे एकदा बघायचे आणि मुकाट्याने खायचे. "तुझ्या केसासाठी मी गाजर खाऊन राहिलो," गाडीत म्हणायचे, "लक्षात ठेव." त्यांना ती फेरी मात्र आवडायची. सकाळपासून कपडे घालून तयार असायचे. मी आत सुया खायचो, ते बाहेर बसायचे, आणि परतताना पोहे ठरलेले. मला त्या पोह्यांची चव कधी लागली नाही. माझं लक्ष आरशात असायचं.

तिसऱ्या वेळेनंतर बाईंनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवून दाखवला. भांगाच्या कडेने बारीक, मऊ केस आले होते. माथ्यावर मधोमध काही नव्हतं, पण कडेने आले होते. मी बाहेर येऊन बाबूजींना डोकं वाकवून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "हव," म्हणाले, "काहीतरी आहे खरं." तेवढ्याने मी दोन दिवस नीट झोपलो.

मग एका सकाळी बाबूजी चहाला आले नाहीत. आईने हाक मारली, मग बाबा गेले, मग बाबांची हाक आली आणि तिच्यावरूनच आम्हाला कळलं. झोपेतच गेले होते. चेहरा शांत होता.

त्या दिवसाबद्दल मला फार लिहिता येत नाही. ताई पुण्याहून येईपर्यंत ठेवलं, आणि ती आल्यावर म्हणाली, अग्नी मी देणार. कोणी नाही म्हटलं नाही. बाबा तिच्या बाजूला उभे राहिले. मी खांदा दिला. आणि खांद्यावर तिरडी असताना, घाम कपाळावर आला तेव्हा, माझ्या मनात पुडीचा विचार आला. काळं तर उतरत नसेल? स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराचं दार लावून मी पुन्हा डबी उघडली. सुतकात तेल लावत नाहीत, दाढी करत नाहीत. पुडीबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

नवव्या दिवशी तात्यापाऱ्यातले गुरुजी दहाव्याची तयारी सांगायला घरी आले. गोल बाजारातून काय आणायचं ते बाबांना सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आता केसाचं. ज्याने अग्नी दिला त्याने केस द्यायचे असतेत. इथं पोरीने दिला. बाईमाणसाचे काढत नाही आपण. तिच्याबदली घरातल्या पुरुषाने द्यावे." आणि त्यांनी खोलीत बसलेल्या पुरुषांवर नजर फिरवली. बाबा होते, त्यांच्या झालरीसकट. बाबांचे दोन चुलतभाऊ होते, पितळी तांब्यासारखे गुळगुळीत. जावई, म्हणजे ताईचा नवरा, त्याला चालत नाही. गुरुजींची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली.

"केसवाला एकटा हाच दिसून राहिला," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही, तरी दुसऱ्या कुठल्या दिवशी सगळे हसले असते. मला घाम फुटला. उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदा कोणीतरी केसवाला म्हटलं होतं, आणि तेही अशा वेळी.

आई पटकन बोलली. "याचं लग्न ठरलं आहे गुरुजी. मुलीकडचे येतीन उद्या. हा बोडका बसन काय त्यांच्यासमोर?"

गुरुजी समजूतदार होते. दोन बटा कापल्या तरी चालतं आजकाल, असं म्हणाले. मी त्या दोन बटांना घट्ट धरून बसलो. ताईने माझ्याकडे बघितलंही नाही, ती दिव्यातली वात सारत होती.

दुपारी मी मागच्या गल्लीत जाऊन डॉक्टरबाईंना फोन लावला. खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून नाही ऐकायचं होतं. डोक्यावर वस्तरा फिरला तर केलेलं सगळं वाया जाईल, असं त्या म्हणाल्या असत्या तर मी ते सगळ्यांना सांगितलं असतं, अगदी आईलाही. त्या म्हणाल्या, "शेव करने से जड़ को कुछ नहीं होता. आराम से कराइए." मग थोडं थांबून विचारलं, "आपके अंकल ठीक हैं?" कोणासाठी केस काढायचे आहेत ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं.

म्हणजे डॉक्टरांची आडकाठी नव्हती, शास्त्राची सक्ती नव्हती. उरलो मी. रात्रभर मला मुळांची काळजी नव्हती. काळजी होती ती डोकं उघडं पडण्याची. केस आहेत तोवर त्यांच्या आडून लपता येतं. बोडक्या डोक्यावर कुठे मुळं आहेत आणि कुठे नाहीत ते कोणालाही दिसतं, आणि चार दिवसांनी खुंट उगवले की नकाशाच तयार होतो. तो नकाशा घेऊन मी साखरपुड्याला बसणार होतो.

सकाळी खारून नदीच्या घाटावर आम्ही गेलो तेव्हा भिलाईची मंडळी आधीच आली होती. तिचे वडील, आई, आणि पायऱ्यांवर जरा बाजूला ती. ती घाटावर येईल असं मला वाटलं नव्हतं. पांढरा सलवार-कुर्ता घातला होता. तिने मान हलवली, मी हलवली. मग मी उजेडाच्या उलट्या बाजूला जाऊन उभा राहिलो. ती सवयच झाली होती.

गुरुजींनी विधी सुरू केला. न्हावी पोत्यावर बसून वस्तरा चामड्यावर घासत होता. बाबांची झालर निघाली. चुलत्यांचं होतं नव्हतं ते निघालं. मग गुरुजी मला म्हणाले, "ये, दोन बटा." मी पुढे सरकलो. तेवढ्यात ताईने वेणी पुढे घेतली आणि तिचा रबर काढला.

ताईचे केस मोठ्या आईसारखे आहेत, कमरेपर्यंत, दाट. ती ते शांतपणे सोडवायला लागली. "दोन बटा काहून?" ती गुरुजींना म्हणाली. "माझ्याकडे आहेत न. अग्नी मी दिला, केस मी देते."

गुरुजी गडबडले. आई "अगं" म्हणाली. ताईने माझ्याकडे रागाने बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, तेच मला सहन झालं नाही. बाबूजी माझ्यासाठी महिनेच्या महिने गाजर खात बसले, आणि त्यांच्या पोरीने घाटावर वेणी सोडायची आणि मी दोन बटा द्यायच्या? मला लाज वाटली, फार लाज वाटली. मी मोठा निर्णय घेतला वगैरे काही नाही. पाय आपोआप गेले आणि मी न्हाव्यासमोर बसलो.

"पूर्ण काढा," मी म्हणालो.

न्हाव्याने तांब्याने माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. मी विसरलो होतो. सगळ्या गोष्टींचा विचार केला होता आणि पाण्याचा केला नव्हता. काळं पाणी माझ्या कपाळावरून, नाकावरून, गोल बाजारातून नुकत्याच आणलेल्या पांढऱ्या धोतरावर उतरलं. न्हाव्याने हात थांबवला, बोटं बघितली आणि चांगल्या मोठ्या आवाजात छत्तीसगढीत विचारलं, "ये का ए भैया, रंग लगाय हव का?"

मी डोळे मिटले. वस्तरा फिरू लागला. तो बिचारा आपलं काम करत होता, आणि काम करताना बोलायची त्याची सवय होती. माथ्यावर आल्यावर म्हणाला, "इहां तो पहिली ले सफा हे." इथे तर आधीपासूनच साफ आहे. घाटावर माणसं बरीच होती. कोणीतरी खोकलं. मी डोळे उघडले नाहीत, पण पायऱ्यांवरची पांढरी ओढणी मला मिटल्या डोळ्यांनीही दिसत होती. ज्या क्षणाची मी महिनोन्महिने धास्ती घेतली होती तो असा आला, नदीवर, सगळ्यांदेखत, कपाळावर काळे ओघळ घेऊन.

माझे केस पळसाच्या पानावर गोळा केले. मूठभरही नव्हते. ताईने ते पान दोन्ही हातांत घेतलं आणि माझ्या ओल्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग ती पाण्याकडे गेली.

भिलाईची मंडळी पुढच्या सगळ्या विधीला थांबली. तिचे वडील बाबांशी बाजूला बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मला एक शब्द ऐकू आला नाही, म्हणून मी सगळे शब्द मनात भरले. निघताना ती माझ्याजवळून गेली, काहीतरी बोलायला थांबल्यासारखी झाली, आणि तिच्या आईने हाक मारली म्हणून गेली. मला वाटलं, संपलं. खरं सांगतो, थोडं हलकंही वाटलं. निदान आता रोज सकाळी डबी उघडायला नको.

दुपारी तिचा फोन आला. मी मागच्या ओसरीत बसलो होतो. डोक्यावर ऊन लागत होतं, सगळीकडे सारखं.

"घर पहुँच गए हम," ती म्हणाली. तिला मराठी सगळी कळते, बोलते मात्र हिंदी. "एक बात बतानी थी आपको. घाट पे सब लोग थे."

"समजलं मले," मी म्हणालो. "तुमच्या बाबांनी नाही म्हटलं असन. त्यांचं काही चुकलं नाही."

"किस बात का नहीं?"

"केसांचं. मी लपवलं तुमच्यापासून."

मग ती म्हणाली, "मुझे तो पता था. बालों का भी, इंजेक्शन का भी."

"कोणी सांगितलं?"

"बड़े बाबूजी ने. आप अंदर रहते थे, सुई चलती थी, और वो बाहर बैठके मुझे फोन करते थे. हर बार."

ती सांगत राहिली. पहिल्याच फोनवर ते काय म्हणाले ते तिने त्यांच्याच मराठीत म्हणून दाखवलं, त्यांच्यासारखंच ओढून. "पोरी, पोट्टा चांगला आहे, पण टकला होणार म्हणजे होणारच, आमच्यात कोणी वाचलं नाही. तुले चालत नसन तर आत्ताच सांग, मी समजावतो त्याले. चालत असन तर त्याले सांगू नको."

"सांगू नको काहून?"

"मैंने भी यही पूछा था." तिचा आवाज बदलला होता, ती रडत होती की हसत होती ते मला कळेना. "बोले, उसको पता चल गया कि तुझे चलता है, तो वो सुई बंद कर देगा. फिर महीने में एक दिन मैं उसके साथ घूमने कहाँ जाऊँगा?"

मी फोन ठेवला. तिला काय म्हणून ठेवला ते आठवत नाही, नंतर तिनेच सांगितलं की काही न बोलताच ठेवला. मला राग आला होता. इतका राग मला कोणाचा कधी आला नव्हता. एवढे महिने मी उशा तपासल्या, नेटवर्क नाही म्हणून खोटं बोललो, मनात तिचे नकार ऐकत जागलो, आणि हा माणूस बाहेर खुर्चीवर बसून तिच्याशी गप्पा मारत होता, आणि आत येऊन म्हणत होता, हव, काहीतरी आहे खरं. गळ्याला हात लावून शपथ घेतली होती! मी उठलो, स्वयंपाकघरातून, बैठकीतून तरातरा पुढच्या खोलीपर्यंत गेलो आणि दार ढकललं.

खोलीत ताई बसली होती. पलंगावर त्यांचे सदरे घड्या करून ठेवलेले होते. ती तेरवीला द्यायचे वेगळे काढत होती. तिने वर बघितलं.

"काय पाहिजे रे तुले?"

"मोठे बाबूजी पाहिजे," मी म्हणालो. "त्यायच्याशी भांडायचं आहे मले."